काकांच्या डिस्चार्ज बुकातला ‘निल’

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. पण ज्यांच्या घरात कुणी फौजेत होतं किंवा आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि मग घरातली एक जुनी पेटी उघडा. का, ते पुढे कळेल.

आचोळे रोडवर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर मंडळींची रांग लागते. कुणाच्या बोटाचा ठसा उमटत नाही, कुणाचा आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो, कुणाला ओटीपी म्हणजे काय ते दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. त्यातले फौजी लगेच ओळखू येतात. पिशवीत पिशवी, तिच्यात पुन्हा पिशवी आणि आत सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये असेच एक काका आले. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. मूळचे साताऱ्याकडचे. १९७८ ला भरती, १९९५ ला हवालदार म्हणून पेन्शनवर. सगळी नोकरी गाडीवर, ड्रायव्हर म्हणून. नंतर वालीवच्या एका कंपनीत सिक्युरिटी, आणि इथे आचोळ्यात वन रूम किचन. डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताना कायम उजवा कान पुढे करतात.

दाखल्याचं काम झालं तरी काका उठेनात. पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं, एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, “पोरी, ह्ये दुरुस्त करता येतंय का?”

विदेश सेवेचा रकाना होता. त्यात हाताने लिहिलेलं: निल. खाली पदकांची यादी: सैन्य सेवा पदक, नऊ वर्षांचं दीर्घ सेवा पदक. संपलं.

“चूक काय आहे यात?”

“मी श्रीलंकेत व्हतो. सोळा म्हैने.”

खरं सांगते, श्रीलंकेत आपली फौज गेली होती एवढंच मला माहीत होतं, तेही राजीव गांधींच्या हत्येच्या संदर्भात. त्या रात्री घरी बसून वाचलं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि शांतिसेना तिकडे गेली. शांतता राखायला गेलेल्या फौजेला ऑक्टोबरमध्ये एलटीटीईशी लढावं लागलं. त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन पवन. सुमारे १,२०० जवान तिकडे गेले ते परत आलेच नाहीत. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईच्या एसआयईएस कॉलेजात. लोकलने दादरला जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? मला नव्हतं.

शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली. मद्रास बंदरावर त्यांचं स्वागत झालं, पण तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी तिकडे फिरकले नाहीत. ना युद्ध म्हणून ते मोजलं गेलं, ना विजय म्हणून. १९७१ चे जवान गावात आले तेव्हा मिरवणुका निघाल्या होत्या. हे एसटीने आले आणि घरी गेले.

आता काकांना हे २८ वर्षांनी का आठवलं? त्या वर्षी एका संघटनेने ऑपरेशन पवनमध्ये असलेल्या माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. काकांनी नाव दिलं. पुरावा म्हणून डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स मागितली, ती दिली. चार दिवसांनी फोन आला, ‘तुमच्या बुकात तर विदेश सेवा निल आहे, तुमचं नाव घेता येणार नाही.’ फोन करणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे जो कागद होता, तो त्याने वाचला.

त्या दिवशी मी काकांना एक वाक्य बोलले, त्याची मला अजून लाज वाटते. म्हटलं, “काका, यानं पेन्शनमध्ये काही फरक पडत नाही. एवढ्यासाठी कशाला त्रास करून घेता? सोडा ना.”

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पैशाचं न्हाई गं. आमची गाडी सुरुंगावर गेली तवा डाव्या सीटवर माझा जोडीदार व्हता. खानापूर तालुक्यातला. तो गेला, माझा कान गेला. ह्यो कागद म्हणतोय, मी तिथं नव्हतोच. मग त्याच्या शेजारी बसलेला कोण व्हता?”

यावर मी काय बोलणार? “उद्या या, अर्ज लिहू,” एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या वेबसाइटवर त्या जोडीदाराचं नाव शोधलं. २०१९ साली उभारलेल्या त्या स्मारकाच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्या जवानांची नावं आहेत. नाव सापडलं. काकांनी माझ्या स्क्रीनला दोन बोटं लावली आणि नमस्कार केला. मेला त्याची नोंद दिल्लीत दगडावर आहे, आणि परत आला त्याच्या बुकात निल.

पहिला अर्ज मी लिहिला आणि तो वाया गेला. का गेला ते मुद्दाम सांगते, कारण तुम्हीही हीच चूक कराल. मी दोन पानं भावना लिहिल्या. देशासाठी रक्त सांडलं, वयाच्या या टप्प्यावर न्याय मिळावा, वगैरे. दोन महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं, दोन ओळींचं: दस्तऐवजी पुरावा जोडावा.

मला राग आला. काकांना नाही आला. ते म्हणाले, “बराबर हाय त्यांचं. क्लार्क काय माझा कान बघणार हाय?”

मग पुरावा शोधायला बसलो. काकूंनी पलंगाखालची ट्रंक ओढली. काकांची त्या काळातली अंतर्देशीय पत्रं त्यांनी जपून ठेवली होती. मला वाटलं, झालं काम! पण एकाही पत्रावर श्रीलंका नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता फक्त ‘५६ एपीओ’. जवान कुठे आहे ते बाहेर कळू नये, म्हणूनच तर फौजेचा पत्ता असा असतो. आतला मजकूरही तसाच. ‘मी खुशाल आहे, पाऊस फार आहे, बैल विकू नका.’ काकू म्हणाल्या, “मला तरी कुठं कळलं व्हतं? वर्षभर समजत व्हते, राजस्थानात हायत.”

ट्रंकेच्या तळाशी एक लहान डबी होती, तिच्यात पदक. विशेष सेवा पदक, त्याच्या फितीवर धातूची पट्टी आणि पट्टीवर अक्षरं: श्रीलंका. हे पदक १९९७ मध्ये पार्सलने गावच्या पत्त्यावर आलं होतं, काका निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी. आतलं कव्हरिंग लेटर घर बदलताना हरवलं. मी म्हटलं, पदक तर बाजारातही मिळतं, हे तुमचंच कशावरून? काकांनी पदक कडेवर उभं धरलं आणि म्हणाले, “बॅटरी लाव.” मोबाईलच्या उजेडात कडेवर बारीक अक्षरं दिसली. त्यांचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव. आपल्याकडे फौजी पदकाच्या कडेवर जवानाचं नाव ठोकतात, हे मला तेव्हा कळलं. ते वाचण्यासाठी आम्ही समोरच्या घड्याळवाल्याकडून भिंग आणलं.

आता थोडं तांत्रिक. पण हाच भाग तुमच्या कामाचा आहे.

फौजेत जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट, म्हणजे बदली, बढती, लग्न, मुलाचा जन्म, पदक, ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापून येते. ती ऑर्डर युनिट काढतं, रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे जवानाच्या ‘शीट रोल’वर चढते. शीट रोल म्हणजे त्याची मूळ नोंद. निवृत्त होताना हातात मिळतं ते डिस्चार्ज बुक हा त्या नोंदीवरून भरलेला गोषवारा. गोषवारा भरताना काही सुटलं, तर ते आयुष्यभर सुटतं. कारण पुढे बँक, सोसायटी, मुलांच्या कॉलेजचं ॲडमिशन, सगळीकडे तेच बुक दाखवलं जातं. शीट रोल कुणी बघायला जात नाही.

म्हणून भांडण सोडलं आणि मूळ नोंद मागितली. मार्च २०२४ मध्ये माहिती अधिकारात साधा अर्ज, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. मागणी एवढीच: माझ्या शीट रोलची साक्षांकित प्रत, आणि १९८७ ते १९९७ या काळात माझ्या नंबरवर निघालेल्या, पदकं व फील्ड सर्व्हिसबद्दलच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती. भावना एक शब्दही नाही.

मुदतीत उत्तर आलं. पाकीट काकांनी दुकानात माझ्यासमोर उघडलं. शीट रोलच्या प्रतीत नोव्हेंबर १९८७ ते मार्च १९८९ समोर लिहिलं होतं: ‘ऑप पवन’.

देशाचं नाव नाही! ज्याने नोंद केली त्याच्या लेखी पवन म्हणजे श्रीलंका हे उघडच होतं, वेगळं लिहायची गरज काय? १९९५ मध्ये डिस्चार्ज बुक भरणाऱ्याने विदेश सेवेच्या रकान्यासाठी शीट रोल चाळला असणार, त्यात कुठल्या देशाचं नाव दिसलं नाही, आणि त्याने निल टाकलं. पदकाची पार्ट टू ऑर्डर तर काका घरी आल्यानंतरची. ती शीट रोलवर चढली, पण बुक तोवर काकांच्या ट्रंकेत होतं. म्हणजे कुणी खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि माणूस मधल्या फटीत पडला.

मी काकांना विचारलं, तेव्हा वाचून का नाही पाहिलं? ते हसले. “सतरा वर्सं नोकरी करून घरी निघालेला मानूस. हातात रेल्वेचं वारंट. क्लार्क म्हनाला, हितं सही, हितं सही. मी केली.”

मग दुसरा अर्ज, एका पानाचा. कुठल्या पानावरच्या कुठल्या रकान्यात काय लिहिलंय, काय असायला हवं आणि त्याचा आधार कुठल्या कागदात आहे. जोडलेले कागद तीन: शीट रोलची प्रत, पार्ट टू ऑर्डरची प्रत, पदकाचा कडेसकट फोटो. अर्ज गेला मे महिन्यात. ऑगस्टपर्यंत काही नाही. स्मरणपत्र पाठवलं. ऑक्टोबरमध्ये पत्र आलं, मूळ डिस्चार्ज बुक पाठवा.

हा सगळ्यात कठीण टप्पा. काका बुक द्यायला तयार होईनात. “पोस्टात गेलं आनि हरवलं तर? मग मी फौजीच न्हाई.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन आठवडे त्यावरच गेले. शेवटी प्रत्येक पानाची रंगीत झेरॉक्स काढली, ती साक्षांकित करून घेतली, आणि नोव्हेंबरमध्ये बुक स्पीड पोस्टाने गेलं. ट्रॅकिंग नंबर काकांनी हाताच्या तळव्यावर लिहून घेतला. रोज सकाळी फिरून येताना दुकानात डोकवायचे, “पोचलं का?”

तो हिवाळा आचोळ्याने विसरू नये असाच होता. अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडल्या जात होत्या. जानेवारी २०२५ च्या शेवटी तर रोज माझ्या दुकानात लोक उभे असायचे. ॲग्रीमेंट, घरपट्टी, लाइट बिल, बँकेचं पत्र, सगळ्याची झेरॉक्स दोन-दोन प्रती. आरक्षित जमिनीवर खोट्या कागदांनी बांधलेल्या घरांत ही माणसं खऱ्या पैशाने राहायला आली होती. बाया फाईल छातीशी धरून उभ्या असायच्या आणि विचारायच्या, ताई, हा कागद चालेल का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अशाच एका दुपारी काका आले. रस्त्यावर डंपर, सगळीकडे धूळ. त्यांनी पिशवीतून पिशवी काढली. बुक परत आलं होतं. ‘निल’वर लाल शाईची एक रेघ, त्याच्या वर ‘श्रीलंका (ऑप पवन)’, तारखा, सही, गोल शिक्का. पदकांच्या यादीत एक ओळ वाढलेली. बाजूला दुरुस्तीच्या आदेशाचा क्रमांक. बस, एवढंच.

रांगेतल्या एका बाईने विचारलं, “काय झालं, काका?” ते म्हणाले, “काय न्हाई. एक चूक व्हती, निघाली.” आणि तिला पुढे जायला जागा दिली.

हे एकट्या काकांचं नाही. सांगलीचे मुरलीकांत पेटकर आता सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला ईएमईचा हा जवान १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळाली २०१८ ला, अर्जुन पुरस्कार २०२५ ला. ज्याच्या नावावर देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आहे, त्यालाही अर्ज करत बसावं लागलं, तर ड्रायव्हर हवालदाराला कोण विचारतो?

म्हणून हात जोडून सांगते, एवढं करा:

१. घरातलं डिस्चार्ज बुक आज काढा आणि प्रत्येक रकाना वाचा. नाव, जन्मतारीख, पत्नीचं नाव, मुलांची नावं, पदकं, विदेश सेवा. पत्नीच्या नावातल्या एका अक्षराच्या चुकीने फॅमिली पेन्शन अडकलेल्या बायका मी दुकानात पाहिल्यात. माणूस जिवंत आहे तोवर दुरुस्ती सोपी आहे.

२. आधी मूळ नोंद मागा, मग दुरुस्ती मागा. माहिती अधिकारात शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतरही नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

३. अर्ज एक पानाचा ठेवा. पान, रकाना, चूक, बरोबर काय, पुरावा कोणता. मदतीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथे जायला लाजू नका.

४. मूळ बुक पाठवण्याआधी प्रत्येक पानाची साक्षांकित प्रत ठेवा.

५. रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते, ती घालवू नका.

६. ज्यांना पेन्शन नाही, कमी वर्षं नोकरी करून बाहेर पडले, त्यांनी जास्त घाई करा. अशांची कागदपत्रं २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. मूळ नोंदच गेली की कशावरून दुरुस्त करणार?

काकांच्या कानाचं प्रकरण अजून बाकी आहे. ती युद्धातली इजा धरायची तर तेव्हाच्या हॉस्पिटलचे कागद लागतील, तो वेगळा अर्ज. मी मागे लागलेय. ते म्हणतात, बघू.

त्या दुपारी गर्दी ओसरल्यावर काकांनी मला त्या पानाच्या दोन प्रती काढायला सांगितल्या. एक फाईलला. दुसरी कुणाला, म्हणून विचारलं. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, तिच्यावर खानापूर तालुक्यातल्या एका गावाचा पत्ता. जोडीदाराची आई आता नाही, थोरला भाऊ आहे. इतकी वर्षं त्या घरी जायचं धाडस झालं नाही, म्हणाले. “मी व्हतो तिथं, ह्ये आता दाखवता येईल.”

पाकिटावर पत्ता मी लिहिला. दोन झेरॉक्सचे चार रुपये काकांनी काउंटरवर मोजून ठेवले. नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

मार्चमध्ये काका त्या गावी जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.